माळा किती पेलतो?

कोकणातल्या जुन्या कौलारू घरांकडे अलीकडे पुन्हा लक्ष वळलं आहे. सुट्टीला आलेला पाहुणा समुद्र बघून झाला की चिऱ्याच्या भिंती, सारवलेलं अंगण आणि कौलांखालची खोली मागतो. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या निवास-न्याहारी योजनेत नोंदणी करून अनेक कुटुंबांनी घरातल्याच दोन-तीन खोल्या पाहुण्यांसाठी दिल्या आहेत. खोल्या कमी पडू लागल्या की घरातल्यांची नजर वर जाते. वर माळा असतो. पूर्वी तिथे भात, नारळ, आमसुलं आणि पावसाळ्याची बेगमी असायची. आता मोडका पाळणा, जुन्या ट्रंका आणि गणपतीचं मखर असतं. एवढी जागा वाया जाते आहे, मग तिथे पाहुण्यांची खोली का करू नये, असा विचार कुणाच्याही मनात येतो.

मग सुतार येतो, खिडकी कुठे काढायची ते ठरतं, फरशीचा रंगही निवडला जातो. हा माळा माणसांचं वजन पेलेल का, हा प्रश्न विचारला गेलाच तर त्याचं उत्तर ठरलेलं असतं: ‘शंभर वर्षं उभा आहे, त्याला काय होणार?’

हे उत्तर धोक्याचं आहे. माळा शंभर वर्षं उभा राहिला तो त्याच्यावर आजवर पडलेल्या वजनाखाली. उद्या पडणाऱ्या वजनाबद्दल त्यातून काहीच कळत नाही. वापर बदलला की हिशोब नव्यानं मांडावा लागतो, आणि तो मांडणं अवघड नाही.

सगळ्यात आधी माळा कशासाठी बांधला होता ते ओळखायला हवं. काही घरांत वरचं लाकूडकाम म्हणजे नुसती तक्तपोशी असते. कौलांतून पडणारा कचरा आणि उन्हाची झळ अडवायला मारलेल्या त्या पातळ फळ्या. त्यांच्याखालच्या दांड्या स्वतःचं आणि फळ्यांचं वजन धरतात, याहून अधिक काही त्यांच्याकडून अपेक्षित नव्हतं. काही माळे साठवणीचे असतात. भाताची पोती रचायची म्हणून त्यांच्या कड्या जाड आणि जवळजवळ टाकलेल्या असतात. तिसरा प्रकार वाड्यांच्या माडीचा. खाली तुळया, त्यांवर कड्या, कड्यांवर पाट, म्हणजेच कडीपाट, आणि वर माणसांचा रोजचा वावर. खालून पाहणाऱ्याला तिन्ही सारखेच दिसू शकतात. पेलण्याची ताकद मात्र कितीतरी पटींनी वेगळी असते.

घराच्या कोणत्या भागानं किती वजन पेललं पाहिजे, हे ‘आयएस ८७५’ या भारतीय मानकाच्या १९८७ साली आलेल्या दुसऱ्या भागात दिलं आहे. राहत्या घरातल्या खोल्यांसाठी चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे साधारण २०० किलो धरायचे. जिने, बोळ आणि साठवणीच्या खोल्यांसाठी ३०० किलो. ज्या सपाट छतावर फक्त दुरुस्तीपुरतं कुणी चढणार, त्याला ७५ किलोही पुरतात. यात लाकूड, फरशी, भिंती यांचं स्वतःचं वजन आलेलं नाही. ते वेगळं मोजून वर मिळवायचं असतं.

३ मीटर रुंद आणि ४ मीटर लांब अशी बेताची खोली घेतली तरी तिचं क्षेत्रफळ १२ चौरस मीटर होतं. मानकाप्रमाणे तिच्या जमिनीनं २,४०० किलो पेलायला हवेत. दोन पाहुणे आणि एक पलंग यांचं वजन तीनशे किलोही भरत नाही, मग हा आकडा एवढा मोठा का, असं वाटू शकतं. त्याचं कारण कोकणातल्या घराला तरी वेगळं सांगावं लागू नये. गणपतीत चाकरमानी आले की एरवी दोघांच्या खोलीत पंधरा जण बसतात. आरतीला सगळे एका बाजूला गोळा होतात. रात्री भजन रंगतं, बायका फुगडीला उभ्या राहतात. नाचणाऱ्या पावलांचा दणका स्थिर उभ्या माणसाच्या वजनाहून जास्त असतो. मानकातला आकडा अशा दिवसासाठी आहे.

माणसांच्या आधी वजन येतं ते बांधकामाचं. फळ्यांवर फरशी बसवायची म्हणून ५ सेंटीमीटर जाडीचा सिमेंट-वाळूचा थर घातला, वर लादी लावली, की चौरस मीटरला सव्वाशे किलोच्या आसपास वजन झालं. १२ चौरस मीटरच्या खोलीत हे दीड टन होतं, आणि ते दिवसरात्र तिथेच राहणार असतं. न्हाणीघरासाठी चार इंची विटांची, अडीच मीटर उंच भिंत उभी केली तर प्लास्टर धरून दर मीटर लांबीला सहाशे किलोच्या घरात वजन पडतं. पाचशे लिटरची पाण्याची टाकी म्हणजे अर्धा टन, तोही दीड-दोन हातांच्या जागेत. जुन्या माळ्यांचा घात बहुधा पाहुण्यांमुळे होत नाही. तो या फरशीमुळे, विटांमुळे आणि टाकीमुळे होतो.

हे वजन जातं कुठे? फळीवरून कडीवर, कडीवरून तुळईवर, तुळईवरून खांबावर किंवा भिंतीवर, खांबावरून त्याच्या तळखड्यावर आणि तिथून जमिनीत. या वाटेतला एक टप्पा जरी कच्चा असला तरी बाकीच्यांची मजबुती वाया जाते. पाहणी करणारे बहुतेक जण फळ्यांवर पाय आपटून बघतात आणि समाधान मानतात. खरा ताण पडतो तो तुळईवर. दोन्ही बाजूंनी ३ मीटरच्या कड्या जिच्यावर टेकल्या आहेत अशी ३ मीटर लांब तुळई ९ चौरस मीटर जमिनीचा भार गोळा करते. चौरस मीटरला २०० किलो वापराचे आणि ५० किलो लाकडाचे धरले, तर सव्वादोन टन एका तुळईवर येतात.

कडी किती पेलेल हे तिच्या जाडीवर ठरतं असा समज आहे. प्रत्यक्षात कडीची उभी खोली, म्हणजे वरपासून खालपर्यंतचं माप, आणि दोन आधारांमधलं अंतर या दोन गोष्टी कितीतरी अधिक मोलाच्या. शाळेतली लाकडी पट्टी आडवी धरली तर बोटानं वाकते, उभी धरली तर वाकत नाही. कडीचंही तसंच. रुंदी दुप्पट केली तर कडक­पणा दुप्पट होतो. खोली दुप्पट केली तर तो आठपट होतो. उलट, आधारांमधलं अंतर दुप्पट केलं आणि दर मीटरचा भार तोच ठेवला, तर बाक सोळापट वाढतो.

प्रत्यक्ष आकडे घेऊन पाहू. साधारण सागवानाइतक्या ताकदीची एक कडी आहे, ७५ मिलिमीटर रुंद आणि १२५ मिलिमीटर खोल, म्हणजे तीन इंच बाय पाच इंच. अशा कड्या दीड-दीड फुटावर टाकल्या आहेत आणि त्यांच्यावर वर सांगितलेला, चौरस मीटरला एकूण २५० किलोंचा भार आहे. दोन आधारांमधलं अंतर ३ मीटर असेल तर कडीला मध्यभागी साधारण १० मिलिमीटर बाक येतो. लाकडी बांधकामाचं मानक ‘आयएस ८८३’ अंतराच्या २४० व्या भागापर्यंत, म्हणजे इथे साडेबारा मिलिमीटरपर्यंत बाक मान्य करतं. कडी उत्तीर्ण झाली. आता तीच कडी, तेच लाकूड, तोच भार, फक्त अंतर ४ मीटर. बाक ३० मिलिमीटरच्या वर जातो आणि मर्यादा असते पावणेसतरा मिलिमीटरच्या आत. एका मीटरच्या फरकानं कडी साफ नापास होते. शेजारच्या घराचा माळा टिकला म्हणून आपलाही टिकेल, हा हिशोब इथेच चुकतो.

हे गणित निरोगी लाकडाचं झालं. जुन्या घरात लाकूड निरोगी आहे की नाही, हे आधी तपासावं लागतं.

पाहणीला हत्यारं फार लागत नाहीत: चांगला टॉर्च, टेप, सुतळी, हलका हातोडा आणि एक दाभण. सुरुवात तुळईच्या टोकांपासून करायची, कारण तुळई मधे क्वचित कुजते. ती कुजते भिंतीत शिरलेल्या टोकाशी. चिऱ्याची किंवा मातीची भिंत पावसाळाभर ओल धरते, लाकडाचं टोक त्या ओलीत बसून राहतं, हवा लागत नाही. बाहेरून तुळई तेल पाजल्यासारखी तुकतुकीत दिसते. भिंतीलगत दाभण टोचली की खरं कळतं. चांगल्या लाकडात ती जेमतेम रुतते आणि ओढून काढावी लागते. कुजलेल्या लाकडात ती भाकरीच्या पिठात जावी तशी आत जाते, आणि टोकाला काळसर, ओलसर भुगा लागून येतो. मग हातोड्यानं टोकापासून मध्यापर्यंत हळूहळू ठोकत जायचं. भरीव लाकूड खणखणतं, पोखरलेलं बद्द वाजतं. आवाज जिथे बदलतो तिथे खडूनं खूण करायची.

वाळवी मातीच्या नळ्यांवरून ओळखू येते. त्या भिंतीवरून वर चढत तुळईला भिडतात. वाळवी लाकूड आतून खाते आणि बाहेरचा पापुद्रा ठेवते, म्हणून नळी दिसली की त्या जागेचं लाकूड टोचून बघावंच लागतं. भुंग्याची खूण वेगळी: टाचणीच्या डोक्याएवढी भोकं आणि खाली पिठासारखा भुसा. भुसा झाडून टाकल्यावर आठ दिवसांत पुन्हा पडला तर कीड अजून जिवंत आहे.

त्यानंतर सुतळी. तुळईच्या खालच्या कडेला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ती ताणून धरली की मधला बाक टेपनं मोजता येतो. लाकूड वर्षानुवर्षं भाराखाली राहिलं तर हळूहळू कायमचं वाकतं, त्यामुळे जुन्या तुळईला थोडा बाक असणं स्वाभाविक आहे. पण एकच तुळई शेजारच्यांपेक्षा जास्त वाकली असेल, तिच्यावर आडवी भेग गेली असेल किंवा खालच्या अंगाला तंतू फाटलेले दिसत असतील, तर माळ्यावर चढणंच थांबवायला हवं. लाकूड वाळताना धाग्याच्या दिशेनं ज्या लांब चिरा पडतात, त्या सहसा इतक्या घातक नसतात. धागा तोडून जाणारी भेग घातक.

कोकणात जुनं घर उतरवून त्याचं लाकूड नव्या घराला वापरण्याची रीत आहे. त्यामुळे तुळईवर आधीच्या घराच्या खाचा आणि भोकं असतात. खाच खालच्या अंगाला आणि मधोमध असेल तर तिथली उरलेली खोलीच हिशोबात धरायची. दीडशे मिलिमीटरच्या तुळईत पन्नासची खाच असेल तर तिथे ती शंभरची तुळई आहे, आणि तिची वाकण सोसण्याची ताकद अर्ध्याहूनही कमी उरली आहे. लाकूड कोणतं हेही पाहायचं. साग, ऐन, किंजळ, फणस ही या भागातली घरबांधणीची लाकडं. त्यांची ताकद आणि कीड सोसण्याची क्षमता सारखी नाही. जुना सुतार खरवडून, वास घेऊन ते सांगू शकतो. या कामात त्याच्या डोळ्यांचा उपयोग इंजिनिअरलाही होतो.

माळ्याची खोली करताना सगळ्यात गंभीर चूक होते ती डोक्याला लागणाऱ्या लाकडाच्या बाबतीत. कौलांच्या उताराखाली उभं राहायला गेलं की आडवी तुळई किंवा कैचीचा, म्हणजे छपराच्या त्रिकोणी सांगाड्याचा, खालचा दांडा आडवा येतो. तो कापला तर वावरायला मोकळी जागा होईल, असं वाटतं. पण उतरत्या छपराचे वासे खालच्या टोकाशी भिंतींना बाहेर ढकलत असतात. मंगलोरी कौलांचं रिपांसह वजन चौरस मीटरला ६५ किलोच्या आसपास धरतात, आणि पावसात कौलं पाणी पितात ते वेगळंच. हा रेटा आडवा दांडा दोन्ही टोकांना धरून ठेवतो. तो ओझं उचलत नाही, ताण सोसतो, म्हणून बिनकामाचा वाटतो. तो कापला की भिंती वरून फाकू लागतात, आढं खाली बसतं आणि कौलं सरकतात. हे एका दिवसात होत नाही. दोन-तीन पावसाळ्यांत भिंतीच्या कोपऱ्यांत वर रुंद आणि खाली निमुळत्या भेगा दिसू लागतात. ओळंबा सोडला की भिंत किती कलली ते कळतं.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनाही हाच इशारा लागू आहे. तिथल्या घरांच्या छपराखाली मोठी मोकळी जागा दिसते. जॉन कॅल्व्हिन ज्युराइट यांनी १९५५ मध्ये दातेरी पोलादी पट्टीनं लाकडं जोडण्याची युक्ती आणली आणि कारखान्यात तयार झालेल्या कैच्या घरोघर पोचल्या. या कैचीतलं प्रत्येक बारीक लाकूड हिशोबानं बसवलेलं असतं. वाटेत येणारं एक तिरपं लाकूड कापलं तरी सगळी कैची दुबळी होते. तिथल्या निवासी बांधकाम संहितेनुसार, साठवण नसलेल्या छपराखालच्या जागेसाठी चौरस फुटाला १० पौंड, मर्यादित साठवणीसाठी २०, राहण्याजोग्या जागेसाठी ३० आणि झोपण्याच्या खोल्या सोडून घरातल्या बाकी खोल्यांसाठी ४० पौंड भार धरतात. आपल्या मापात सुमारे ५०, १००, १५० आणि २०० किलो. सुटकेसा ठेवायला चालणारी जागा अभ्यासाच्या खोलीला चालेलच असं नाही, हे या चार आकड्यांत स्पष्ट आहे.

छपरावर नकळत साठत गेलेल्या वजनाचं महाराष्ट्रातलं सर्वांत दारुण उदाहरण किल्लारीचं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत भूकंप झाला आणि सुमारे आठ हजार माणसं गेली. तिथली घरं माळवदाची होती. लाकडी खांब-तुळयांवर फळ्या आणि वर मातीचा जाड थर. गळती लागली की आणखी माती टाकायची, अशी पिढ्यान् पिढ्यांची सवय. ३० सेंटीमीटर मातीचं वजनच चौरस मीटरला अर्ध्या टनाच्या घरात जातं. दगड-मातीच्या भिंती फुटल्या आणि वरचा हा भार माणसांवर आला. पुढे उभ्या राहिलेल्या घरांच्या मजबुतीकरणासाठी सुचवलेल्या उपायांत मातीचा थर कमी करणं आणि खांब-तुळईच्या सांध्याला तिरपे टेकू देणं यांना महत्त्वाचं स्थान होतं. भूकंपाच्या पट्ट्यात येणाऱ्या कोकणातही ही दोन्ही कामं मोलाची आहेत.

पाहणीत माळा कमी पडला म्हणून बेत सोडून द्यावा लागतो असं नाही. कड्यांच्या मधोमध आडवी नवी तुळई टाकून तिला दोन टोकांना खांब दिले की कड्यांचं अंतर निम्मं होतं आणि बाक सोळाव्या भागावर येतो. मात्र त्या खांबांखाली स्वतंत्र पाया हवा. नुसत्या कोब्यावर खांब उभा केला तर तो भार जमिनीत नीट उतरत नाही. दुसरा उपाय जुन्या कडीला तितक्याच खोलीची नवी कडी बोल्टनं जोडण्याचा. तिसरा पोलादी चॅनलचा. कुजलेलं टोक कापून तिथे पोलादी आधार देता येतो, पण त्याआधी ओल कुठून येते ते शोधून ती थांबवायला हवी. फरशीच्या जागी लाकडी फळ्याच ठेवल्या, न्हाणीघर खाली ठेवलं आणि टाकी घराबाहेर चौथऱ्यावर नेली, तर टनांवारी वजन एका निर्णयात वाचतं. खर्चही त्यातच सर्वांत कमी.

ताकदीचा प्रश्न सुटला तरी उंचीचा उरतो. राष्ट्रीय बांधकाम संहितेप्रमाणे राहत्या खोलीची उंची पावणेतीन मीटर हवी, आणि उतरतं छप्पर असेल तर सरासरी तेवढी भरायला हवी. सामानाच्या पोटमाळ्याला तीच संहिता जास्तीत जास्त दीड मीटर उंची देते. दोन्ही जागा कायद्याच्या नजरेतही एक नाहीत. शिवाय लाकडी घरात वर झोपणाऱ्यांना आग लागली तर उतरायला धड जिना हवा. सामान चढवायची उभी शिडी त्या कामाची नाही.

म्हणून माळ्यावर खोली काढायचं मनात असेल तर क्रम असा ठेवावा. आधी माळा पूर्ण रिकामा करावा. पावसाळ्यात, ओल दिसते तेव्हा, एकदा पाहणी करावी. जाणत्या सुताराला घेऊन प्रत्येक तुळईचं टोक टोचून बघावं, मापं लिहून काढावीत. मग ती मापं स्ट्रक्चरल इंजिनिअरसमोर ठेवावीत, त्याला घरी आणून माळा दाखवावा आणि किती भार चालेल ते लेखी घ्यावं. त्यानंतर ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेची परवानगी, आणि सगळ्यात शेवटी फरशीचा रंग. इंजिनिअरचा होकार येईपर्यंत वर पाहुण्यांना झोपवू नये, गणपतीच्या गर्दीतही नाही.